ठकूआत्याचा वाफा

फार वर्षांपूर्वी, गावात अजून तांब्याचा बंबही कुणी पाहिला नव्हता त्या काळी, कातळवाडीत ठकू नावाची एक बाई राहत होती. तिचं लग्न अजाणत्या वयात झालं आणि नवराही लवकरच गेला, म्हणून ती माहेरी भावाजवळ आली ती तिथलीच झाली. भाऊ म्हादू तिला आक्का म्हणायचा, भावजय गिरजा वन्सं म्हणायची, आणि बाकीचा सगळा गाव आत्या म्हणायचा. पुढं पुढं तर तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आत्याच म्हणू लागली.

कातळवाडी नावासारखीच होती. शेतं खाली ओढ्याकाठी आणि घरं वर खडकावर. अंगणात तुळस लावायची तरी माती ओढ्यावरून पाटीनं आणावी लागायची. घरामागं परस म्हणावं असं काही नव्हतं, नुसता काळा दगड. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळायच्या आणि पावसाळ्यात शेवाळ धरायचं. मोऱ्या सगळ्यांच्या पुढच्या अंगाला. न्हाण्याचं, भांड्यांचं पाणी थेट वाटेवर यायचं, त्यामुळं वाटेवर सदा चिखल आणि दारोदार भांडण. "तुझ्या मोरीनं माझा उंबरा भिजला," हे ज्या दिवशी ऐकू येत नसे त्या दिवशी गावात सण असायचा.

आत्याला मोडकं काही बघवत नसे. कमरेला खुरपं आणि हाताला माती, अशीच ती कायम. कुणाकडं बसायला गेली तर बोलता बोलता त्यांच्या चुलीवरचं भांडं टेकायचं फुटलेलं थान लिंपून यायची. कुणाच्या दाराची खिट्टी बसवायची, कुणाच्या भिंतीचा पोपडा खरवडून तिथं नवा गिलावा द्यायची. असं म्हणतात, की तिनं लिंपलेल्या भिंतीला कधी भेग पडली नाही आणि तिनं घातलेल्या चुलीवर कधी दूध उतू गेलं नाही. दुधाचं मला जरा जास्तच वाटतं, पण म्हणतात.

गिरजाची कूस भरायची, पण मूल हाती लागायचं नाही. कधी पोटातच जायचं, कधी बारशाआधी. एका मार्गशीर्षात ती जानाईच्या देवळात गेली. शुक्रवार होता, गावातल्या बायका ओटी भरायला जमल्या होत्या. गिरजाला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नेम तर सगळ्याच बायका करतात. जे नांगरानं पिकलं, मोटेच्या पाण्यावर वाढलं, ते त्या एका दिवशी वर्ज्य. एवढ्यानं देवी काय पावणार, असं तिला वाटलं असावं. तिनं हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेली, की मला मूल दे, मी अख्खा चातुर्मास बैलाच्या कष्टाचा घास तोंडात घालणार नाही.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बोललेलं बोललं गेलं होतं.

माघात गिरजाला दिवस राहिले. घरात आनंद झाला, आणि त्याच्याच मागोमाग आत्याच्या लक्षात आलं, की पोरीचा सातवा-आठवा महिना नेमका चातुर्मासात येणार. ज्वारी-बाजरी नांगराची. भाजीपाला मळ्यातला, मोटेचा. गावात मीठसुद्धा यायचं ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. रानभाजी आषाढात उगवते, पण पुढं जून होऊन जाते. मग ही खाणार काय?

देवळाचा गुरव भला माणूस होता. तो म्हणाला, "ह्याला उतारा आहे. देवीची माफी मागायची, ओटी भरायची, नेम सोडायचा. देवी आईच आहे ना?"

पण गिरजा ऐकेना. ती म्हणाली, "वन्सं, मी शब्द परत घेतला आणि ह्याही बाळाचं काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? मी उपाशी राहीन, पण शब्द मोडणार नाही."

"तू राहशील उपाशी," आत्या म्हणाली, "पोटातल्यानं कुठं शब्द दिलाय?"

गिरजा रडू लागली. आत्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. ती मागच्या अंगाला गेली आणि त्या उघड्या कातळाकडं बघत बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओढ्यातला गाळ पाटीनं वाहू लागली. कातळावर तिनं आधी दगडांची ताल, म्हणजे बुटका बांध, रचली, तिच्या आत पालापाचोळा पसरला, त्यावर चुलीतली राख, राखेवर गाळ. खत म्हणून गोठ्यातलं शेण घ्यायला वाकली तोच शेजारच्या चिमणाकाकूंनी कुंपणावरून आवाज दिला.

ह्या चिमणाकाकू म्हणजे गावातल्या सगळ्या व्रतांच्या जाणत्या. कुठल्या तिथीला काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय कुणी उपास सोडत नसे. त्यांचं मन वाईट नव्हतं. नेमात चूक राहिली तर गिरजाचं मूल जाईल, ह्या भीतीनं त्या चुका शोधत.

"ठके, ते शेण बैलाचं आहे," काकू म्हणाल्या.

"बैलानं शेण टाकायला काय कष्ट केले, काकू?"

"केले असतील. तुला काय ठाऊक?"

आत्यानं बैलाचं शेण टाकलं आणि गाईचं उचललं. तर काकू म्हणाल्या, की गाईनं कडबा खाल्लाय आणि कडबा नांगराचा. मग आत्या रोज सकाळी गाईला डोंगरावर चारायला नेऊ लागली, तिथल्या रानगवतावर. काकूंना तेव्हा कुठं बरं वाटलं. गाईचं दूधही मग गिरजाला चालेल असं त्यांनीच आपण होऊन सांगितलं.

आता राहिलं पाणी. फाल्गुन सरत आला होता आणि ऊन तापू लागलं होतं. आडाचं पाणी हातानं शेंदायचं, ते घरालाच पुरायचं नाही. आत्याच्या मनात आलं, की घरात आलेलं पाणी एकदा वापरून झालं की वाटेवर जातं आणि भांडणं लावतं. तेच मागं वळवलं तर?

तिनं मोरीचा तळ उकरला. दगड घालून तो उंच केला आणि उतार पुढचा होता तो मागं फिरवला. मग पहार घेऊन मागच्या भिंतीला भोक पाडायला लागली. म्हादू शेतावरून आला तर घरभर धुरळा.

"आक्का, भिंत बसली तर पावसाळ्यात आम्ही झोपायचं कुठं?"

"मोरीत. तिथं आता पाणी साचत नाही."

म्हादूनं दुसरी पहार घेतली.

असं म्हणतात, की ती भिंत पांढऱ्या मातीची होती आणि एवढी जुनी, की हात लावला तरी भुगा पडायचा. पण आत्यानं पहारीचा पहिला घाव घालण्याआधी भिंतीला हात जोडले आणि म्हणाली, "बाई, तुला दुखवते, पण घरातल्या लेकरासाठी." त्यावर तेवढी एक ढेप आपसूक निखळून पडली आणि बाकीच्या भिंतीचा कणही हलला नाही.

भोकापासून वाफ्यापर्यंतच्या पन्हळीला कौलं दिली सटवाजी कुंभारानं. तो हसत म्हणाला, "आत्या, लोक छपरावर कौलं घालतात, तुम्ही जमिनीत पुरताय." पण कौलं चांगली निवडून दिली. आणि मिठाचं कसं करायचं ह्या काळजीत आत्या असताना त्यानंच तोड काढली. बाजारातून मीठ तो आपल्या गाढवावरून घेऊन आला. चिमणाकाकूंनी डोळे मिटून सगळे नेम आठवून पाहिले. गाढवाबद्दल कुठंच काही सांगितलेलं नव्हतं. गिरजाच्या अन्नाला चव आली ती त्या गाढवामुळं, म्हणून कातळवाडीत आजही गाढवाला कुणी मूर्ख म्हणत नाही.

त्या वाफ्यात आत्यानं अळू लावलं, चवळी, राजगिरा, माठ, रताळी लावली आणि तालीच्या कडेनं लाल भोपळ्याचे वेल सोडले. पण घरात माणसं मोजकी, न्हाण्याचं पाणी ते किती. चैत्राच्या उन्हात दुपारपर्यंत वाफा सुकायचा. मग आत्या शेजारी गेली. "तुमची मोरी मागं वळवू का? मीच वळवते. पाणी थोडं माझ्याकडं द्या, उरलेलं तुमच्या वाफ्याला." शेजारणीला वाटेवरचा चिखल नकोच होता. तिची वळवली, मग तिच्या पलीकडचीची. वैशाख संपेपर्यंत सबंध ओळीतल्या मोऱ्यांनी तोंड फिरवलं. वाट कोरडी झाली, भांडणं थांबली, आणि प्रत्येक घरामागं कातळावर हिरवं काहीतरी डोलू लागलं. उंबऱ्यावरून भांडणाऱ्या बायका आता एकमेकींना चवळीचं बी देऊ लागल्या. असं म्हणतात, की आत्यानं जिथं जिथं गाळाची पाटी टेकवली तिथं तिथं कातळ मेणासारखा दबला. ते गोल खळगे आजही दाखवतात.

आषाढी एकादशी आली आणि गिरजाचा नेम सुरू झाला. सकाळी दूध, दुपारी उकडलेली रताळी नाहीतर चवळीची उसळ, रात्री राजगिऱ्याची पेज. घास घेण्याआधी ती आत्याकडं बघायची, आत्या काकूंकडं बघायची, काकू मान हलवायच्या, मग गिरजा खायची. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाळ पोटात लाथा मारू लागलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि श्रावणी अमावस्येला पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि कानात सांगतात, की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. म्हादूनंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बैलांना ओढ्यात धुतलं, शिंगं रंगवली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. मारुतीपुढचं तोरण ओलांडून बैल घराकडं फिरले तेव्हा म्हादूचा पाखऱ्या बैल अचानक उधळला. म्हादूच्या हातातला कासरा सुटला. पाखऱ्या गोठ्याकडं गेला नाही, पुढच्या दाराशी थांबला नाही, घराला वळसा घालून सरळ मागं गेला आणि ताल ओलांडून वाफ्यात शिरला.

माणसं पोचेपर्यंत चवळी संपली होती. राजगिरा आडवा झाला होता. भोपळ्याचा वेल त्याच्या शिंगांत अडकला होता, बाशिंगासारखा. खुरांनी सगळी माती खालवर झाली होती आणि रताळी उघडी पडली होती.

गिरजा मागच्या दारात उभी होती. ती भिंतीला धरून खाली बसली.

चिमणाकाकू अगदी हळू म्हणाल्या, "माती उकरली गं त्यानं. आता इथं जे उगवेल ते बैलाच्या कष्टाचं."

"खरं आहे," गिरजा म्हणाली. "वन्सं, मी आता पाण्यावर राहीन. कार्तिक काय लांब आहे?"

कार्तिक लांब होता. सगळ्यांना ते दिसत होतं. म्हादूनं काठी उचलली, तर आत्यानं त्याचा हात धरला.

"काल ह्याच्या कानात काय सांगितलंस?"

"सगळे सांगतात तेच. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"मग आला की."

"आक्का, त्याचं पान गोठ्यात मांडलंय. पुरणपोळी केलीय त्याच्यासाठी."

"पंगत कुठं आहे हे सांगितलं होतंस का त्याला?"

म्हादूनं काठी खाली टाकली. मग आत्या काकूंकडं वळली.

"काकू, आज कुणी बैलाला जुंपलं तर?"

"शिव शिव. मोठं पाप. आज त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, अंगावर काठी टाकायची नाही."

"म्हणजे आज बैल कष्ट करत नाही."

"आज कसले कष्ट? आज तो पाहुणा."

"मग हे कष्टाचं कसं झालं? पाहुण्याला आवतण दिलं, पाहुणा जेवायला आला. चार घास खाल्ले, थोडं सांडलं, थोडं तुडवलं. पाहुण्याच्या पायानं घर बाटतं का, काकू?"

चिमणाकाकूंनी डोळे मिटले. लहानपणापासून ऐकलेले सगळे नेम त्यांनी एकेक करून मनात फिरवले. तेवढ्या वेळात पाखऱ्यानं अळवाचं आणखी एक पान खाल्लं. काकूंनी डोळे उघडले तेव्हा त्या रडत होत्या. त्या घरात गेल्या, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या, साडी सावरत वाफ्यात उतरल्या आणि पाखऱ्याच्या मातीनं भरलेल्या खुरांना कुंकू लावलं.

"जेव बाबा, सावकाश जेव," त्या म्हणाल्या. आणि मागं वळून, "ऊठ गं पोरी. हे चालतं. मी सांगते, चालतं."

मग पाखऱ्यानं आत्यापुढं मान खाली घातली, तिनं शिंगांतला वेल सोडवला, आणि तो आपण होऊन गोठ्यात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी पाऊस लागला. पाखऱ्याच्या खुरांचे खळगे पाण्यानं भरले आणि प्रत्येक खळग्यातून एकेक रोप वर आलं. अळवाचं पान सुपाएवढं झालं. गणपती बसले तोवर वेल पुन्हा फुलला आणि ऋषिपंचमीला वाफा असा भरला, की माती दिसेना. असं म्हणतात. दुसरंही एक म्हणतात, की त्या पहाटे ओळीतल्या बायकांनी आपापल्या वाफ्यातली रोपं मातीसकट उपटून आणली आणि त्या खळग्यांत लावली, आणि पुढं कधीच कुणापाशी बोलल्या नाहीत. मला दोन्ही खरं वाटतं. देवाला हात लागतातच, ते कुणाचे का असेनात.

त्या ऋषिपंचमीला गिरजा पोटभर जेवली. कार्तिकात एकादशीच्या अलीकडं तिला मुलगी झाली, ठणठणीत, आणि रडली ती अशी, की ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. बारशाला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा चिमणाकाकूच पाळण्याशी वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "अरुंधती." सप्तर्षींच्या पंगतीत एकच बाई आहे, तिचं नाव.

आत्या पुढं पुष्कळ जगली. शेजारच्या गावांतूनही तिला मोऱ्या वळवायला आणि वाफे बांधायला बोलावणं यायचं. ती गेली त्या दिवशी म्हणे कातळवाडीतल्या एकाही मोरीतून पाणी वाहेना. लोकांनी न्हाणं केलं, पाणी तसंच तुंबून राहिलं. तेव्हा अरुंधती, ती आता स्वतः लेकुरवाळी होती, मोरीशी बसून म्हणाली, "आत्या, जाऊ दे गं, झाडं तहानलीत." तसं पाणी गेलं.

आता कातळवाडीत सिमेंटची घरं आहेत, आत फरशी आणि नळ आहेत. पण तालुक्याहून नळवाला आला, की त्याला पहिलं सांगतात, बाबा, मोरीचं पाणी मागं काढ. तो उतार पुढचा आहे म्हणून कुरकुर करतो. मग घरातलं कुणीतरी त्याला चहा देतं आणि तळ उंच करायला लावतं. तिथलं अळू खाजत नाही, चिंच घालतात ती चवीपुरती.

पोळ्याला बैलाला गोठ्यात नेण्याआधी परसातून एक फेरा मारून आणतात आणि तो जे खाईल ते खाऊ देतात. ज्यांच्याकडं बैल नाही ते दुसऱ्याचा बोलावतात, आणि आवतण मात्र आदल्या दिवशी स्वतः जाऊन देतात. ट्रॅक्टरवाल्यांनी एकदा ट्रॅक्टर फिरवायचं म्हटलं, तर बायकांनी त्यांना हसून वाटेला लावलं.

आणि ऋषिपंचमीला, गावात ज्या कुठल्या घरी सून पोटुशी असेल, तिथं सगळ्या घरांतून मूठ मूठ भाजी जाते. कुणाकडून माठ, कुणाकडून चवळी, कुणाकडून भोपळ्याची फोड. ती सगळी एकाच पातेल्यात शिजते. त्याला आत्याची भाजी म्हणतात. गावातली सगळ्यांत वडील बाई त्या सुनेसमोर पाट मांडून बसते, आणि त्या दिवशी ती तिला एकही नेम सांगत नाही, फक्त वाढत राहते. सुनेचं पोटभर जेवण होतं, ती मोरीवर जाऊन हात धुते, आणि ते पाणी खळखळत मागं गेलेलं ऐकू आलं, की मग बाकीच्या बायका पूजेला बसतात.